स्पेनमध्ये तापास (बारमध्ये पेयासोबत खायचे छोटे पदार्थ) खायला जाताय? पोट रिकामं ठेवा, पण घाई नको

पहिली गोष्ट, सात वाजता जेवायला जाऊ नका. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊनंतर. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरच साडेआठच्या आधी उघडत नाही.

दुसरं, एकाच जागी बसून पोटभर मागवू नका. एका बारमध्ये एक-दोन पदार्थ, एक पेय, मग पुढचा बार. तापा म्हणजे छोटी बशी, मेदिया रासियोन म्हणजे अर्धी थाळी, रासियोन म्हणजे सगळ्यांत वाटून खायची मोठी. मी पहिल्यांदा चार रासियोन मागवल्या होत्या, दोघांसाठी! वेटर नुसता बघत राहिला. ग्रानादात तर पेयासोबत तापा फुकट येतो, त्यामुळे आधी पेय सांगा आणि काय येतंय ते बघा. सान सेबास्तियानला काउंटरवर पिंचो, म्हणजे बहुधा पावावर टूथपिकने टोचलेले छोटे पदार्थ, मांडलेले असतात. काही बारमध्ये टूथपिक मोजून बिल करतात, तेव्हा त्या टाकू नका.

शाकाहारी असाल तर जपून. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ट्यूना किंवा हॅम घातलेलं येऊ शकतं. सालमोरेखो हे टोमॅटोचं गार सूप, पण वर हामोन (हॅम) भुरभुरवतात; 'सिन हामोन', म्हणजे हॅमशिवाय, असं सांगा. बिनधास्त मागवावं असं म्हणजे सेव्हिया शहराचा पालक-चणा, बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट (अंडं चालत असेल तर) आणि पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या. त्यातली एखादीच तिखट निघते. आपल्याला काय, ठेच्यावर वाढलेली माणसं!

बाहेरच्या टेबलावर कधीकधी दर जास्त असतो. काउंटरलाच उभे राहा.