जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचे चित्रपट इतके संथ का वाटतात? त्याची शैली नेमकी काय आहे?

मुख्य कारण म्हणजे त्याचा कॅमेरा हलतच नाही, निदान उत्तरकाळात तरी जवळजवळ नाहीच. तो जमिनीलगत ठेवलेला असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही थोडा खाली. लेन्स बहुतेक वेळा ५० मिमीची, म्हणजे साधारण डोळ्याला दिसतं तसंच दाखवणारी. पात्रं बोलताना जवळपास थेट आपल्याकडे बघतात, आणि १८० अंशांचा नियम (बोलणाऱ्या दोघांच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा) तर त्याने खुशाल धाब्यावर बसवलाय. दोन प्रसंगांच्या मध्ये रिकामा बोळ, वाळत घातलेले कपडे, धुराडी अशी दृश्यं येतात. त्यांनी कथा पुढे सरकत नाही, पण आधीचा प्रसंग मनात मुरायला वेळ मिळतो.

विषय मात्र घरचेच: म्हातारे आईबाप, आपापल्या व्यापात गुंतलेली मुलं, मुलीचं लग्न. (स्वतः ओझूने लग्न केलं नाही, आईसोबतच राहिला.)

माझ्या मते त्याची खरी कमाल तो काय गाळतो यात आहे. १९४९ च्या ‘लेट स्प्रिंग’मध्ये सगळी गोष्ट मुलीच्या लग्नाभोवती फिरते, तरी नवरदेव एकदाही दिसत नाही. लग्नही नाही. दिसतो तो रिकाम्या घरात सफरचंद सोलत बसलेला बाप. सोलता सोलता त्याचा हात थांबतो आणि मान खाली जाते, बस. तिथे रडारड असती तर मी हललो नसतो.

सुरुवात ‘टोकियो स्टोरी’पासून (१९५३) करा. पहिला अर्धा तास कंटाळा येईल, पण उठू नका.