अळ्या मारायच्या आणि पिसोळी कुठे गेली म्हणून मलाच विचारायचं

शिमगा झाला, काजूला बोंडू धरले की माझ्या फोनवर गोवाभरातून पिसोळ्यांचे, म्हणजे फुलपाखरांचे, फोटो सुरू होतात. निम्मे धूसर, उरलेल्यांवर जागा नाही तारीख नाही, आणि प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून यंदा एकदाच लिहून टाकतोय.

म्हापसा : मुलीने फुलपाखरू धरलं, बोटांना पिवळी पूड लागली. सासूबाई म्हणतात ही डोळ्यात गेली तर आंधळेपणा येतो.

नाही येत. ते पंखांवरचे खवले आहेत, हात धुवा. डोळा चुरचुरला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मला फोटो पाठवून काय होणार? आणि गेलेले खवले परत उगवत नाहीत, तेव्हा धरायचं बंद करा.

सांगे : व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी ओल्या रेतीवर पन्नास-साठ फुलपाखरं गप्प बसलेली दिसली. आजारी आहेत का? कोणी विष टाकलं असेल?

आजारी नाहीत, पाणी पितायत. याला चिखलपान म्हणतात. बहुतेक सगळे नर असतात, त्यांना ओल्या मातीतले क्षार हवे असतात, मुख्य म्हणजे सोडियम, कारण फुलांच्या मधात ते फारसं नसतं. मीलनाच्या वेळी त्यातला काही भाग मादीला आणि तिच्याकडून अंड्यांना जातो. मार्च ते मे, व्हाळ आटत आले की हे दृश्य सगळ्यात छान दिसतं. कॉमन ब्लूबॉटल दिसलं तर जवळ उकिडवे बसून बघा, सोंड रेतीत आणि शेपटाकडून दर थोड्या वेळाने पाण्याचा थेंब बाहेर. पाणी नुसतं गाळून पुढे सोडायचं, क्षार ठेवून घ्यायचे.

हल्ली काही फोटोवाले सुंगटांची (कोळंबीची) सालं, कुजके मासे नेऊन टाकतात, का तर नवाब आणि राजा ही फुलपाखरं खाली उतरतात. उतरतात हे खरंय, पण अभयारण्यात हे धंदे करू नका, आणि बाहेर करायचेच असतील तर ज्याची जमीन आहे त्याला आधी विचारा. खरं तर गरजच नाही, काजूच्या बागेत सडक्या बोंडूंच्या ढिगाजवळ दहा मिनिटं उभे राहा, बॅरन आणि ईव्हनिंग ब्राऊन आपणहून येतात, आंबलेला रस पिऊन इतके सुस्तावतात की फोन अगदी जवळ नेला तरी हलत नाहीत. बोंडूंची हुर्राक काय फक्त माणसांनीच प्यायची?

केपे : सुक्या पानासारखं फुलपाखरू, पावसात बघितलं तेव्हा पंखावर डोळे होते, आता नाहीत. दोन जाती का?

एकच. कॉमन ईव्हनिंग ब्राऊन, पावसाळी रूप आणि उन्हाळी रूप.

फोंडा : घराभोवती फुलपाखरं यावीत म्हणून नर्सरीवाला 'बटरफ्लाय गार्डन पॅकेज' देतोय, फुलझाडं आणि एक वेल. घेऊ का? आणि कढीपत्त्याला अळ्या लागल्यात, त्यावर काय मारू?

आला हा प्रश्न. बसा जरा.

ताई, तुम्ही एकाच मेसेजमध्ये फुलपाखरं मागवताय आणि मारताय. कढीपत्त्यावरच्या त्या अळ्या लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार, डिवचलं की डोक्यामागून लाल-नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडतात, बरोबर? लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन असणार. फोडणीपुरती चार डहाळ्या ठेवून बाकी त्यांना द्या, झाड पुन्हा फुटतं. दुसरीच कीड वाटली तर डहाळी घेऊन कृषी कार्यालयात जा, दुकानदाराच्या सांगण्यावरून फवारू नका, ते पान तुम्ही आमटीत घालता.

आता पॅकेज. पूर्ण वाढ झालेलं फुलपाखरू बऱ्याच प्रकारच्या फुलांवर मध पितं, पण अळी पानं खाते आणि तीही ठरावीक झाडांचीच. प्लेन टायगरला रुई लागते, कॉमन एमिग्रंटला बाहवा, टेल्ड जेला तो उंच सरळसोट अशोक, बॅरनला आंबा नाहीतर काजू. सदर्न बर्डविंग, कुळागरात (सुपारीच्या बागेत) दिसणारं ते काळं-सोनेरी धूड, त्याला सापसंदीच्या वेलीची जात लागते. पॅकेजमध्ये यातलं काय आहे? घाणेरी, तीही परकी आणि रान गिळणारी. वर ती वेल.

त्या वेलीला मीसुद्धा फसलोय. वीसेक वर्षांपूर्वी एका नर्सरीतून 'फुलपाखरांची वेल' म्हणून आणली, तपकिरी ठिपक्यांचं मोठं फूल आलं, शेजारीपाजारी बघायला आले, मी खूश. निघाली दक्षिण अमेरिकेतली ॲरिस्टोलोकिया एलेगन्स, आपल्या सापसंदीची परकी चुलत बहीण. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंगची मादी ओळखीची समजून तिच्यावर अंडी घालते आणि अळ्या ती पानं खाऊन मरतात, तिथे लोकांना ती वेल उपटायला लावतात. आपल्याकडे ती विकतात, तीही फुलपाखरांच्या नावाने! मी वाचलं त्याच दिवशी मुळासकट काढली. तेव्हा वेल घेण्याआधी पान-फूल कॉलेजातल्या बॉटनीच्या सरांना दाखवा. आणि आपली सापसंद मिळाली तर ती अळ्यांसाठी ठेवा, सापाच्या विषावर वगैरे पोटात घेऊ नका, तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं जातात. साप चावला तर थेट हॉस्पिटल.

अजून एक, बोंडू दिसावेत म्हणून काजूखाली तणनाशक मारतात नाहीतर सगळं जाळतात. खुळखुळा गेला, तायकिळा गेला, सापसंद गेली, म्हणजे पिसोळ्यांची झाडंच गेली, मग मे महिन्यात मला विचारतात यंदा पिसोळी कमी का. झाडाखालची गोल जागा कोयत्याने साफ करा, बांधाकडचं राहू द्या. एवढंच मागतोय.

वाळपई : आम्हा चार मित्रांना नोंदी ठेवायच्यात. कॅमेरा कुठला घ्यावा?

कॅमेरा नंतर. आधी घराजवळची एक वाट ठरवा, साधारण किलोमीटरभर, आणि दर आठवड्याला तीच वाट त्याच संथ चालीने चाला. दोन्ही बाजूंना अडीच मीटर, समोर पाच मीटर, एवढ्यात दिसलं तेच मोजायचं, मागे वळून नाही. ही पोलार्ड नावाच्या अभ्यासकाची पद्धत, ब्रिटनमध्ये 1976पासून अशीच मोजणी चालू आहे. आपल्या उन्हात नऊ ते साडेअकरा बरं. तारीख, वेळ, ऊन-ढग-वारा लिहा. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, ते सगळे विसरतात. ग्रास यलो या पिवळ्या फुलपाखरांच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, खात्री नसेल तर नुसतं 'ग्रास यलो' लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका, फोटो त्याच आठवड्यात जाणकाराला दाखवा. जूनमध्ये मार्चचे दोनशे फोटो पाठवणाऱ्याला मी आता उत्तर देत नाही. वाट म्हादई अभयारण्यात जात असेल तर आधी वनखात्याची परवानगी, 2023च्या मार्चातल्या आगी आठवतात ना.

पणजी : गोव्याचं राज्य फुलपाखरू कुठे हमखास बघायला मिळेल?

हमखास कुठेच नाही, आणि तसं सांगून पैसे घेणाऱ्या गाईडच्या नादी लागू नका. ते, म्हणजे मलबार ट्री निम्फ, सह्याद्रीतल्या दाट सदाहरित रानात असतं, पांढरं, काळ्या ठिपक्यांचं, उंचावर कागद तरंगावा तसं सावकाश फिरतं. मोले किंवा खोतीगावच्या वन कार्यालयात विचारून जा, आणि मान वर ठेवा.

मडगाव : लग्नात डब्यातून फुलपाखरं सोडायची आहेत, इव्हेंटवाला म्हणतो सगळं कायदेशीर आहे.

त्याच्याकडून ते लेखी घ्या, जात कोणती, आणली कुठून, आणि तो कागद वनखात्यात नेऊन दाखवा. बहुतेक तो कागद तुम्हाला मिळणारच नाही. अक्षता टाका.