डायलिसिसनंतर नजर धूसर का होते?

प्रश्न : माझे वडील 62 वर्षांचे असून त्यांना जुना मधुमेह आहे. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून तीनदा त्यांचे डायलिसिस होते. घरी परतल्यावर त्यांना वर्तमानपत्रातील बारीक अक्षरे धूसर दिसतात. दुसऱ्या दिवशी बराच फरक पडतो. डोळे मात्र नेहमी लाल आणि कोरडे असतात. यंत्रामुळे नजर जाते, असे कोणीतरी सांगितल्याने ते आता डायलिसिसलाच नको म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : डायलिसिस बंद करण्याचा विचार वडिलांच्या मनातून आधी काढून टाका, ते थांबवले तर जिवावर बेतेल आणि नजरही वाचणार नाही. ज्या मधुमेहाने मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब केल्या, त्यानेच डोळ्याच्या पडद्यावरील वाहिन्याही बहुधा खराब केलेल्या असतात, आणि दृष्टीचे मोठे नुकसान मुख्यतः तेथून होते. पडद्याला सूज असेल, तर शरीरातील जादा पाणी निघाल्यावर ती काही रुग्णांत उतरतेसुद्धा.

सुमारे चार तासांच्या डायलिसिसमध्ये रक्तातील युरिया भराभर कमी होतो, पण डोळ्यातील द्रवातला युरिया तितक्या वेगाने उतरत नाही, त्यामुळे पाणी डोळ्याकडे ओढले जाऊन नजर आणि चष्म्याचा नंबर काही तास बदलू शकतो. म्हणून नंबर डायलिसिसच्या दिवशी काढू नये. मात्र उपचार चालू असताना डोळा ठणकू लागला किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, तर तेथील डॉक्टरांना त्याच क्षणी सांगावे, कारण तेव्हा डोळ्यातील दाब वाढलेला असू शकतो.

मला अधिक काळजी वाटते ती रक्तदाब एकाएकी उतरण्याची. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की तहान आवरत नाही, जेवणात लोणचे-पापड असले तर ती आणखी वाढते. मग दोन डायलिसिसच्या मध्ये साठलेले सगळे पाणी एकाच बैठकीत काढावे लागते आणि दाब कोसळतो. त्यात हिमोग्लोबिनही कमी असेल, तर डोळ्याच्या मुख्य नसेला रक्त अपुरे पडून, काहीही न दुखता एका डोळ्याची नजर अचानक जाऊ शकते, आणि अशी गेलेली नजर सहसा पूर्णपणे परत येत नाही. मीठ कमी करणे हा म्हणूनच डोळ्यांचाही उपचार आहे. डायलिसिसच्या दिवशी रक्तदाबाची गोळी केव्हा घ्यावी, हे मूत्रपिंडतज्ज्ञांनाच विचारा.

कोरडेपणासाठी नेत्रतज्ज्ञ कृत्रिम अश्रूंचे थेंब देतील. कूलरचा झोत मात्र थेट चेहऱ्यावर नको. लाली राहिलीच, तर बुबुळाशेजारी कॅल्शियमचे कण साठले आहेत का, हे पाहावे लागते. तसे असल्यास रक्तातील फॉस्फरस तपासून घ्यावा.

डायलिसिस नसलेल्या दिवशी, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी लवकर करून घ्या. अधूनमधून काळे ठिपके किंवा जाळे तरंगताना दिसले, तर आतल्या रक्तस्रावाच्या शंकेने त्याच दिवशी जावे. नेत्रतज्ज्ञांना डायलिसिसविषयी आवर्जून सांगा, कारण काचबिंदूत दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी अशा रुग्णांच्या शरीरात साचून गुंगी आणि गोंधळलेपणा आणू शकते.