नाईट करून आलेल्या बाईला दिवसा उठवू नका

तुम्ही विचारलंय की होणारी बायको स्टाफ नर्स आहे, महिन्यातला आठवडाभर नाईट असते, तब्येतीवर आणि संसारावर किती परिणाम होईल, लग्नानंतर तिने नोकरी सोडावी का. शेवटचं वाचून राहवलं नाही. सोडू नये. मी १४ वर्षं सरकारी दवाखान्यात आहे, रात्री ८ ते सकाळी ८. नाईटने मला दमवलं नाही तेवढं घरी न मिळालेल्या झोपेने दमवलं.

गौरी जेवणाचा दिवस होता, सलग चौथी नाईट संपलेली. ओव्हर देऊन (सकाळच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवून) घरी पोचायला साडेनऊ, आंघोळ करून पडले. अकराला नणंदेने दार वाजवलं, वहिनी, गौरी घरात आणि सून झोपलेली, बरं दिसतं का? उठले. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, मग हळदीकुंकवाच्या बायका, पाठ टेकली नाही आणि सातला परत बस स्टॉपवर.

त्या रात्री फिमेल मेडिकल वॉर्डला ३४ पेशंट आणि आम्ही दोघी (नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्मप्रमाणे जनरल हॉस्पिटलला ५ पेशंटमागे १ नर्स, ते कागदावर). सकाळचं इन्सुलिन द्यायचं होतं. एका आजींनी घरची इन्सुलिनची बाटली आणलेली, १०० ची (एका मिलीत १०० युनिट), त्याला नारिंगी टोपीची सिरिंज लागते. आमच्या ट्रेमध्ये सवयीची लाल टोपीची, ४० ची (एका मिलीत ४० युनिटवाल्या इन्सुलिनची). मी लाल उचलली, २० च्या रेघेपर्यंत भरली, स्पिरिटचा बोळा दंडावर टेकवला आणि आजी म्हणाल्या, बाई, आज अर्धी सुई भरलीस गं, रोज तर टीचभर असतं. मी सिरिंज बघितली, टोपी बघितली, हातपाय गार पडले. २० च्या जागी ५० युनिट गेलं असतं, साखर एकदम खाली गेली असती आणि नाश्ता अजून वॉर्डात आला नव्हता. टाकून दिलं, नवीन भरलं, दुसऱ्या सिस्टरला दाखवून मगच दिलं आणि ट्रीटमेंट रूममध्ये जाऊन रडले. चूक माझीच, त्यात कोणाला वाटेकरी करत नाही. पण १४ वर्षांत असं एकदाच झालं आणि ते नेमकं त्या दिवशी.

आता तब्येतीचं. त्रास नाही असं मी म्हणत नाही. ॲसिडिटी, पाळी मागेपुढे, वजन, चिडचिड हे होतं. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००७ मध्ये नाईट शिफ्टचं काम बहुधा कॅन्सरकारक या गटात टाकलं आणि २०१९ ला परत तपासून तिथेच ठेवलं. शिवाय सगळ्यांना झेपतंच असं नाही, माझ्या बॅचच्या दोघींनी सोडली आणि त्यांचं बरोबरच होतं. पण ते त्यांनी ठरवलं, नवऱ्याने नाही.

तुमच्या हातात आहे ते करा. खोलीला जाड पडदे लावा, दूधवाला, गॅसवाला, कुरिअर तुम्ही बघा, सणाच्या आठवड्यात नाईट आली तर सण तिच्याशिवाय होईल हे आईला तिने नाही, तुम्ही सांगायचं, आणि लग्नाआधीच सांगा. नणंदेवरचा माझा राग केव्हाच गेला. नवरा त्या दिवशी बाहेर हॉलमध्येच बसला होता, सगळं ऐकत होता आणि एक शब्द बोलला नाही, ते मात्र मी त्याला अजून ऐकवते.