कुत्रा फिरवताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फुटपाथवरच्या कुत्र्यांच्या घाणीबद्दल कुत्रा पाळणाऱ्यांनी आणि न पाळणाऱ्यांनीही प्रश्न पाठवले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आमचे शेजारी रोज सकाळी कुत्र्याला झाडाच्या आळ्यात बसवतात आणि शी तिथेच टाकून जातात. बोललं तर म्हणतात, "शेणासारखं खतच होतं." हे खरं आहे का? (वाचक, ठाणे)

नाही. गाय चारा खाते. कुत्र्याचा आहार मांस, अंडी, दूध, पोळी असा असतो, आणि त्याच्या आतड्यातले काही जंत माणसाला बाधतात. टॉक्सोकारा हा गोल जंत त्यातला मुख्य. पिल्लाला तो आईच्या पोटातच लागतो, त्यामुळे घरातलं गोंडस पिल्लू बहुधा जंत घेऊनच आलेलं असतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. ताज्या शीतली टॉक्सोकाराची अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत पडून त्यांच्यात अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर शी वाळते, पायांनी तुडवली जाते, पावसाने पसरते आणि दिसेनाशी होते. अंडी मात्र मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. त्या मातीत खेळून मुलाने हात तोंडात घातला की अंडी पोटात जातात. तिथून अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात जातात, आणि डोळ्यात गेल्या तर दृष्टीवर परिणाम होऊ शकतो. घाण दिसत नाही तेव्हाच धोका असतो, म्हणून लोकांना घाण आणि आजार यांचा संबंध लागत नाही. म्हणूनच "नंतर उचलू" याला अर्थ नाही. तिथल्या तिथे उचललेल्या शीतून हा जंत पसरत नाही.

कुत्र्याच्या शीतूनच येणाऱ्या अंकुश जंताच्या (हुकवर्म) अळ्या तर ओल्या, उबदार मातीत किंवा वाळूत आठवडाभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. पायावर वळणावळणाची, लाल, प्रचंड खाजणारी रेघ उमटते. किनाऱ्यावर कुत्रा फिरवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

जंताचं औषध नियमित द्याच. पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर सहाव्या महिन्यापर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी, डॉक्टर वजनावरून सांगतील त्या मात्रेत. पण औषध दिलं म्हणून शी उचलायची नाही, असं होत नाही. कुत्र्याला पुन्हा लागण होतेच.

उचलायची कशी आणि टाकायची कुठे? प्लास्टिकबंदी आहे, मग पिशवी कोणती? (वाचक, पुणे)

सर्वात सोपं साधन म्हणजे वर्तमानपत्र. कुत्रा गोल फिरून कंबर वाकवायला लागला की दुहेरी घडीचा कागद मागून खाली सरकवा. सुरुवातीला तो दचकतो, चार-सहा दिवसांत सवय होते. कागदाचे चारही कोपरे वर घेऊन पुरचुंडी करा. पिशवी हवी असेल तर घरात आलेली ब्रेडची किंवा डाळीची रिकामी पिशवी चालते. मात्र ब्रेडच्या काही पिशव्यांना हवेसाठी भोकं असतात, ती आधी बघा. पिशवीत हात घालून शी पकडायची, दुसऱ्या हाताने पिशवी उलटी ओढायची, हवा काढून गाठ मारायची. पट्टा मनगटात अडकवलेला असावा, बोटांत धरलेला नको. एका फेरीला दोन पिशव्या लागतात असं धरून चला, कारण अनेक कुत्रे दुसऱ्यांदाही बसतात.

"विघटनशील" लिहिलेल्या महागड्या पिशव्यांवर फार विसंबू नका. त्यातल्या बहुतेक औद्योगिक खतप्रकल्पातल्या उष्णतेत कुजतात. गटारात किंवा झुडपात फेकल्यावर त्या नेहमीच्या पिशवीसारख्याच पडून राहतात. शी पिशवीत भरून ती पिशवी झाडाखाली ठेवून जाणं हे तर न उचलण्याहून वाईट.

टाकायची कुठे? घराचं सांडपाणी भुयारी गटाराला जोडलेलं असेल तर फक्त शी संडासात टाकून पाणी ओता. कागद, पिशवी, माती आत जाता कामा नये. हे जमत नसेल तर नीट गुंडाळून, डायपर आणि सॅनिटरी पॅडसारखी वर लाल खूण करून, त्याच कचऱ्याबरोबर वेगळी द्या. ओल्या कचऱ्यात कधीही नको. पुण्यात "स्वच्छ" संस्थेचे कचरावेचक कचरा हाताने वेगळा करतात. तुमची उघडी पुडी कोणाच्या तरी हातात फुटते.

बाल्कनीतल्या खताच्या डब्यातही टाकू नका. जंतांची अंडी मरायला सगळा ढीग काही दिवस 55 अंशांच्या वर तापलेला राहावा लागतो आणि घरगुती डबा तेवढा तापत नाही.

आमच्या कुत्र्याला शी नेहमी पातळ होते, कागदाने उचलताच येत नाही.

तर आधी कारण शोधा. बहुतेक घरांत ते दूध असतं. पूर्ण वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. दूध बंद करून पाहा. दुसरं कारण खाद्य एकदम बदलणं. नवं खाद्य सात दिवसांत थोडं थोडं वाढवत न्यावं: पहिले दोन दिवस पाव भाग, मग अर्धा, मग पाऊण. दोन दिवसांहून जास्त पातळ होत असेल, रक्त दिसत असेल किंवा उलट्याही होत असतील तर लगेच पशुवैद्याकडे न्या. पिल्लाच्या बाबतीत दोन दिवसही थांबू नका.

तोवर रस्त्यावर उचलायला कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा मूठभर टाका, मिनिटभर थांबा, जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी खरवडून कागदात घ्या. मग उरलेल्या डागावर पाणी. सगळंच पाण्याने गटारात ढकलू नका. पावसाळी गटारांचं पाणी शुद्धीकरण न होता नदी-समुद्रात जातं.

दारासमोर कुत्रे घाण करतात म्हणून आम्ही निळ्या-लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्या, डांबरगोळ्या टाकल्या, फिनेल ओतलं. उपयोग होत नाही. (वाचक, नाशिक)

बाटल्यांचा उपयोग होणारही नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग दिसतो, लाल त्याला मळकट दिसतो, पण कोणत्याही रंगाला घाबरायचं त्याला कारण नाही. डांबरगोळ्या आजच उचला. कुत्र्याने किंवा लहान मुलाने एखादी गिळली तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. फिनेल मांजरांना फार घातक आहे.

कुत्रा त्याच जागी परत येतो तो वासामुळे. म्हणून वास घालवा. शी उचला, जागा साबणाच्या पाण्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतरच ब्लीच: एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून पुन्हा धुवा. मूत्र धुतल्याशिवाय ब्लीच ओतू नका, त्यातल्या अमोनियाशी मिसळून घशाला आणि फुप्फुसाला जाळणारा वायू तयार होतो. अमोनिया असलेलं फरशी-क्लीनर तर टाळाच. त्याचा वास मूत्रासारखा येतो आणि कुत्रा त्यावर पुन्हा खूण करतो. पाळीव कुत्रा फाटकावर, गाडीच्या चाकावर शू करत असेल तर मालकाने लिटरभर पाण्याची बाटली बरोबर ठेवून तिथेच ओतावी. एवढं सांगण्याचा शेजाऱ्यांना हक्क आहे.

सोसायटीने ठराव केला आहे: कुत्रा पाळायला बंदी, लिफ्ट बंद, आणि घाण केल्यास दंड. (वाचक, नवी मुंबई)

बंदीचा ठराव टिकत नाही, बहुमताने केला तरी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव प्राण्यांवर बंदी नको, लिफ्टही नाकारू नका, असं म्हटलं आहे. सोसायटीने स्वतःचा खास दंड लावण्यालाही त्यात मान्यता नाही, शी उचलण्याची विनंती मात्र करता येते. महापालिकेचा नियम ही वेगळी बाब. मुंबईत 2006 च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याच्या घाणीसाठी 500 रुपये दंड ठेवला होता. आपल्या महापालिकेचा आजचा दर विभाग कार्यालयात विचारा आणि तक्रार तिथेच करा.

ठराव करायचाच असेल तर सोयीचा करा. खेळाच्या जागेपासून दूर, उन्हात, दीड बाय दोन मीटरचा कोपरा, त्यात पंधरा सेंटीमीटर जाड वाळू, शेजारी झाकणाचा डबा आणि नळ. शी दिवसातून दोनदा उचलली गेली पाहिजे. मुलांचा वाळूचा हौद असेल तर तो रात्री झाकून ठेवा.

फिरवायला माणूस ठेवला आहे. तो उचलत नाही.

एका वेळी चार-पाच कुत्रे घेऊन फिरणाऱ्याचे दोन्ही हात पट्ट्यांत असतात, तो उचलणार कसा? दोनपेक्षा जास्त कुत्रे एकत्र नेऊ नयेत हे कामावर ठेवतानाच ठरवा. कागद-पिशव्या तुम्ही द्या. आणि वेळ जुळवा: जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत बहुतेक कुत्र्यांना शी लागते. खाणं दोन ठरलेल्या वेळी दिलं, ताट वीस मिनिटांनी उचललं, तर शीचीही वेळ ठरते आणि ती पहिल्या फेरीत सोसायटीच्या कोपऱ्यातच उरकता येते.