वेगवेगळ्या धर्मांच्या आणि प्रांतांच्या लोकांच्या ऑफिसात सणांच्या सुट्ट्यांची यादी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत 35 जणांचं ऑफिस, शनिवार-रविवार बंद, माणसं मराठी, गुजराती, बोहरी, मल्याळी ख्रिस्ती, बंगाली, बिहारी. सणांच्या सुट्ट्या वर्षाला बारा. कुणावर अन्याय न होता त्या कशा वाटायच्या?

बाराच्या बारा यादीत छापू नका. आठ सगळ्यांच्या ठेवा आणि चार ऐच्छिक, म्हणजे ज्याच्या-त्याच्या हातात द्या.

आठ हा आकडा कायद्यातून येतो. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यात सणांच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. सरकारी यादी खाजगी ऑफिसने जशीच्या तशी उचलायची गरज नाही, आणि बहुतेक घोळ ती उचलल्यानेच होतो. 2026 च बघा. महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच दिवशी, 1 मेला. पारशी नववर्ष 15 ऑगस्टला, तोही शनिवार. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे रविवारी. यादी भरगच्च दिसते आणि हातात कमी दिवस पडतात. शनिवार-रविवारी गेलेल्या सुट्टीच्या बदल्यात ऐच्छिक सुट्टी वाढणार की नाही, हे लेखी ठरवा. माझ्या मते वाढवावी.

सगळ्यांच्या आठांतल्या या आपसांत ठरवायच्या चार निवडताना प्रत्येकाकडून पाच तारखा पसंतीक्रमाने घ्या. धर्म विचारू नका, तारखा पुरतात. मात्र नुसतं बहुमत मोजलंत तर चारही गणपती-दसरा-दिवाळीत जातील. एक तरी रमजान ईद किंवा नाताळची असावी, असं मला मनापासून वाटतं. ऐच्छिक सुट्टीच्या अर्जात 'कारण' हा रकानाच ठेवू नका. तो असला की माणसाला आपली श्रद्धा साहेबासमोर सिद्ध करावी लागते.

आता तारखा. ईदची तारीख छापताना पुढे 'चंद्रदर्शनानुसार' हे लिहाच. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकते, हे आधी कळतं. एका दिवसाचा फरक मात्र 29 व्या रोजाच्या संध्याकाळीच मिटतो. चंद्र दिसला तर उद्याच ईद. म्हणून त्या दोन्ही दिवशी मोठी मीटिंग किंवा डिलिव्हरी लावू नका आणि रात्री नऊचा 'उद्या येत नाही' हा मेसेज रीतसर अर्ज माना. बोहरी सहकाऱ्यांचं वेगळं आहे. त्यांचं कॅलेंडर गणिताने ठरलेलं, त्यामुळे त्यांची ईद बहुधा एक-दोन दिवस आधी येते आणि तारीख वर्षभर आधी सांगता येते. त्यांना 'सगळ्यांबरोबर घ्या' म्हणणं म्हणजे ईदच्या दिवशी कामाला बोलावणं.

'दिवाळी' या एका शब्दावर भिस्त ठेवू नका. तमिळ घरात नरकचतुर्दशीची पहाट मोठी. बंगाल्यांची कालीपूजा अमावास्येच्या रात्री, त्यामुळे त्यांना दुसरी सकाळ मोकळी हवी. गुजरात्यांचं नवीन वर्ष पाडव्याला. बिहारी माणसाला यातलं काहीच पुरत नाही, कारण छठ कार्तिक शुद्ध षष्ठीला. नहाय-खाय या पहिल्या दिवसापासून उगवत्या सूर्याच्या अर्घ्यापर्यंत चार दिवस, वर येण्याजाण्याचा प्रवास. त्याला सलग आठ-नऊ दिवस लागतात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि त्या गाड्या मिनिटांत भरतात. 2026 ची छठ 15 नोव्हेंबरला आहे, म्हणजे रजा ऑगस्टअखेर मंजूर हवी. ऑक्टोबरात दिलेली मंजुरी निरुपयोगी.

ड्युटी लावताना एक चूक सर्रास होते. 'तुमची दिवाळी नसते ना' म्हणून दरवर्षी त्याच तिघांना बसवतात. दिवाळीत शाळा बंद असतात, मुलं त्यांचीही घरीच असतात. पाळी फिरती ठेवा आणि मागच्या तीन वर्षांचा तक्ता भिंतीवर लावा.

ऐन वेळी सरकारी तारीखही हलते. 2023 मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही 28 सप्टेंबरला आल्या, तेव्हा मिरवणुका एकत्र येऊ नयेत म्हणून ईदची सुट्टी 29 ला गेली. 2024 मध्येही मुंबईत ती 16 ऐवजी 18 सप्टेंबरला दिली. अशा वेळी ज्यांनी जुन्या तारखेवर ऐच्छिक सुट्टी टाकली असेल, त्यांना ती न विचारता बदलून द्या.