240 दिवसांचा गडगा

अगो पोरी,

परवा एस.टी.च्या खिडकीतून तू म्हणालीस, "काका, सुट्टीचे नऊ दिवस गेले आणि काहीच झालं नाही." गाडी सुटली, उत्तर माझ्या तोंडातच राहिलं. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

तुझ्या मोबाइलमधली यादी तूच मला ओटीवर बसून दाखवली होतीस. रसाळगड, सुमारगड, महिपतगड एका दमात. पाच पुस्तकं. आठ सिनेमे. प्रत्येकापुढे एक चौकोन, काम झालं की त्यात खूण. शेवटी एकटा रसाळगड झाला, दीड पुस्तक झालं आणि सिनेमे तीन, त्यातला एक आजीबरोबर दोनदा. अगो, दीड पुस्तक म्हणजे काय? पुस्तकं म्हणजे काय तांदूळ, पायलीने मोजायला? तुमच्या कंपनीत टाइमशीट भरावी लागते असं तुझा मामा सांगत होता. तू सुट्टीचीही भरलीस. हिशेब मांडू नको. मला सांगायचंय ते एवढंच, आणि ते मी या पत्रात पुन्हापुन्हा सांगणार आहे.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय ते तुला ठाऊक नाही. माझा सगळा जन्म बँकेत गेला. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. दहा पैशांचा फरक आला तरी सगळी व्हाउचरं पुन्हा काढायची. फरकाला नऊने भाग गेला की समजायचं, कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत, 54 चे 45. ही युक्ती मला अजून झोपेतही येते. कसला उपयोग आहे तिचा आता, सांग.

तुझी ती गडांची यादी बघून मी गप्प झालो होतो, आठवतं? त्याचं कारण सांगतो. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 साली, ही त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. माझी शाखा तेव्हा चिपळूणला. आम्ही चौघांनी बेत केला होता. निमणीतून रसाळगडावर चढायचं, रात्री झोलाईच्या देवळात पथारी टाकायची, दुसऱ्या दिवशी गावातला कोणी माणूस बरोबर घेऊन सुमारगड, कारण तिथल्या रानात वाट हरवते, आणि मग महिपतगड. चार दिवसांची रजा मंजूर होती. खेडच्या स्टँडवर आम्ही निमणीकडची गाडी बघत उभे, तेवढ्यात शाखेतला शिपाई धापा टाकत आला. कॅशमध्ये फरक आहे, साहेबांनी बोलावलंय. मी सॅक उचलली आणि परत गेलो. फरक होता 27 रुपयांचा. नऊने भाग जातोच आहे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सापडला. माझा नव्हताच तो.

ते तिघं गेले. चार दिवसांनी काळे पडून, गुडघे सोलपटून आले आणि पुढे जन्मभर तीच गोष्ट सांगत राहिले. त्यातले दोघे आता नाहीत. मी अजून महिपतगड बघितलेला नाही, आणि आता गुडघे ऐकत नाहीत.

तू म्हणशील, काका, गेलात कशाला परत? नोकरी नवी होती. पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. फरक पगारातून कापला गेला असता, शिवाय नावाला बट्टा. मी परत गेलो ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, कोणी कितीही हसलं तरी. पण नंतर बहिणी आपापल्या घरी गेल्या, मी साहेब झालो, मला बोलवायला शिपाई पाठवणारं कोणी उरलं नाही, तेव्हाही मी गेलो नाही. कारण रजा साठत होती, आणि साठलेली बघून बरं वाटत होतं.

निवृत्त झालो तेव्हा खात्यावर 240 दिवस शिल्लक होते. त्याहून जास्तीचे पैसे तेव्हा मिळत नसत, म्हणजे त्यावरची रजा बुडालीच. आलेल्या पैशांतून आगराभोवती चिऱ्याचा गडगा बांधला. ज्यावर पाय सोडून तू मोबाइलवर सिनेमा बघायचीस, तोच. "काका, मस्त आहे हो गडगा," म्हणालीस. मस्त आहेच. आठ महिने आहेत ते माझे.

आणि पुस्तकं! रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं, दोनशे वर्षांचं होत आलं, आणि मी त्याच्यावरून रोज सायकल मारत घरी यायचो. निवृत्तीनंतर वाचू म्हणून घेतलेली पुस्तकं कपाटात खाकी कव्हरं घालून उभी आहेत. आधी डोळ्यांत मोतीबिंदू आला, मग ऑपरेशन झालं, आता दहा पानांवर डोळ्यांतून पाणी येतं. असो.

आता तुझ्या यादीत नव्हतंच ते सांगतो. मंगळवारी तू मामाच्या स्कूटरवरून उक्षीला गेलीस. सड्यावरच्या कातळात कोरलेला तो हत्ती बघितलास. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, त्यात उक्षी आहे. मामा म्हणाला, तू तासभर उन्हात तिथे बसून होतीस, पाणी प्यायलाही उठली नाहीस. रात्री जेवताना गप्प होतीस. मग एकदम विचारलंस, "ज्याने कोरला त्याने हत्ती बघितला कुठे असेल?" मी घास हातात धरून तुझ्याकडे बघत राहिलो. लहानपणी आम्ही सड्यावर गुरं सोडायचो, पायाखालच्या कातळाकडे कधी वाकून बघितलं नाही. तुझ्या यादीत त्या तासाला चौकोनच नव्हता, म्हणून तू तो धरलाच नाहीस आणि म्हणालीस, काही झालं नाही! अशा वेळी कान धरावासा वाटतो.

हिशेब मांडू नको, पोरी. सोमवारी ऑफिसात कोणी विचारेलच, काय केलंस सुट्टीत? फोटोंची माळ काढू नको. "बसले होते," म्हण. त्याचं तोंड कसं होतं ते मला फोनवर सांग.

नोकरी सोडू का, असंही विचारत होतीस. त्यावर मी बोलणार नाही. मी सोडली नाही म्हणून तू सोडू नको असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि सोड म्हणायची छाती नाही. एवढंच की हे रविवारी रात्री ठरवू नको.

तुझं अर्धं पुस्तक ओटीवरच्या कोनाड्यात राहिलंय. खूण होती तिथे आमसुलाच्या पिशवीचा तुकडा घातला आणि पुढे मीच वाचायला घेतलं. रोज दहा पानं. पाठवणार नाही, आलीस की घे.

शिमग्याला पालखी घरी येईल, आजी आत्तापासून विचारतेय. तुझी किती रजा शिल्लक आहे ते तेवढं लगेच कळव.

तुझा,
काका